छापून आलेला पाऊस

कार्यक्रम दुपारी अडीचला होता आणि त्याची बातमी प्रभाकर कर्णिकने सकाळी दहालाच लिहून टाकली होती. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. ठाण्याच्या 'खाडीकाठ' या सायंदैनिकात तशी रीतच होती. अंक बाराला छपाईला जायचा आणि समारंभ व्हायचे दुपारनंतर. समारंभ उरकल्यावर बातमी लिहिली तर ती दुसऱ्या दिवशी शिळी होणार. म्हणून निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची आणि 'होणार आहे'चं 'झाले' करून टाकायचं. नाही तरी आपल्याकडच्या समारंभांत वेगळं होतं काय? पाहुणे येतात, हार घालून घेतात, बोलतात, चहा पिऊन जातात. आजवर कधी बोंब झाली नव्हती. एकदाच एक उद्घाटक सकाळी वारले आणि संध्याकाळच्या अंकात खुसखुशीत भाषणाने सभागृह हसवत राहिले. पण तक्रार करायला तेच उरले नसल्यामुळे प्रकरण तिथंच मिटलं.

आजचा कार्यक्रम मात्र अण्णांच्या खास जिव्हाळ्याचा होता. अण्णा म्हणजे 'खाडीकाठ'चे मालक, संपादक आणि जाहिरात व्यवस्थापक. नुकतीच सातासमुद्रापलीकडे पृथ्वीच्या भवितव्याची मोठी परिषद भरली होती. पृथ्वी तापतेय, ऋतू बिघडतायत, असं इंग्रजी पेपरांतून रोज येत होतं, आणि अण्णांच्या डोक्यात पर्यावरणाने घर केलं होतं. पर्यावरणाने म्हणण्यापेक्षा पर्यावरणाच्या जाहिरातींनी. त्यांनी 'पत्रकार विद्यार्थ्यांच्या भेटीला' अशी योजना काढली. पत्रकाराने शाळेत जायचं आणि बदलत्या हवामानाची बातमी कशी करतात ते मुलांशी बोलायचं. खर्च परशुरामशेठचा. परशुरामशेठचा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत रंगाचा कारखाना होता, शाळेच्या समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं, आणि आजच्या अंकात हिरव्या वसुंधरेला शुभेच्छा देणारी त्यांची पानभर जाहिरात होती. चोराने कुलपाच्या दुकानाची फीत कापावी, त्यातलाच हा प्रकार.

"हे पाहा कर्णिक," अण्णा बातमीचा कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "जाहिरात आणि बातमी एकाच अंकात हवी, अशी शेठजींची अट आहे. यात पाऊस कुठे आहे?"

"पाऊस?"

"जुलै महिना आहे. 'भर पावसात विद्यार्थ्यांनी सभागृह तुडुंब भरले, भर पावसात परशुरामशेठ यांनी वृक्षारोपण केले', असं लिहा. त्याशिवाय बातमीला वजन येत नाही. आणि एखादी विद्यार्थिनी बोलली पाहिजे. नावानिशी."

प्रभाकरने शाळेत फोन लावला. मुख्याध्यापिका सुमेधा बाईंनी क्षणभर विचार करून नाव दिलं, "मालू नाखवा घाला. नववीत आहे. खाडीवरच्या वस्तीतली, पण धीट आहे हो पोरगी." नाव ऐकताच अण्णांनी स्वतःचं पेन काढलं आणि समासात लिहिलं, "'कारखान्यांमुळे आमच्या वस्तीला काम मिळाले आणि आमची खाडीही आता स्वच्छ झाली आहे,' असे मच्छीमार कुटुंबातील कु. मालू नाखवा हिने सांगताच टाळ्यांचा कडकडाट झाला."

"अण्णा, हे ती म्हणेल की नाही..."

"म्हणेल हो! मुलं मोठ्यांना बरं वाटेल तेच बोलतात. आणि कर्णिक, एक तारखेला तुमचं कायमचं पत्र काढतोय मी. आहे ना लक्षात?"

लक्षात नसायला काय झालं? सहा वर्षं प्रभाकर 'खाडीकाठ'मध्ये हंगामी उपसंपादक होता. इतक्या काळात आंब्याचे सहा हंगाम येऊन गेले, याचा एक हंगाम काही संपत नव्हता. दर दिवाळीला सासरे ताटावर बसता बसता विचारायचे, "काय जावईबापू, कायम झालात का?" आणि बायको, हेमा, खाली मान घालून चकल्या वाढायची. त्या खाली घातलेल्या मानेपायी प्रभाकरने सहा वर्षांत बरंच काही गिळलं होतं. त्यात एका मुलीच्या तोंडचं वाक्य म्हणजे काय मोठंसं! त्याने मान डोलावली आणि कागद छपाईकडे धाडला.

प्रभाकर शाळेसाठी डोंबिवलीत उतरला तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आठ दिवस पावसाने दडी मारलेली. आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख, आणि शाळेच्या सभागृहातले पंखे वीज गेल्यामुळे नुसतेच लटकलेले. परशुरामशेठचा पत्ता नव्हता. "तुम्ही सुरू करा, ते येतीलच," सुमेधा बाई पदराने वारा घेत म्हणाल्या.

प्रभाकर बोलायला उभा राहिला, आणि काय झालं कोण जाणे, फार सुंदर बोलला. वास्तविक हा विषय त्याच्या मनातला होता. ग्रंथालयात बसून त्याने त्यावर खूप वाचलं होतं. मोठ्या वर्तमानपत्रात जाऊन असल्या बातम्या कराव्यात, असं त्याला एके काळी वाटायचं. पुढे हंगामी झाल्यावर वाटायचं बंद झालं. कोळसा जाळला की काय होतं, धुराचं पांघरूण पृथ्वीवर कसं बसतं, समुद्र कसे चढतील, सगळं त्याने कणीक मळावी तसं मऊ करून सांगितलं. मुलं गप्प बसून ऐकत होती. तेवढ्याने त्याला चेव आला.

"आणि बातमीदाराचं पहिलं काम काय? बघणं! बघितल्याशिवाय लिहायचं नाही. आता ऋतूंचासुद्धा भरवसा उरला नाही. जुलै आहे म्हणजे पाऊस असणारच, असं आपले आजोबा म्हणू शकत होते, आपण नाही म्हणू शकत. खिडकीतून डोकावून बघा आणि मगच लिहा."

तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. दोन वेण्या, तेल चोपडलेलं डोकं, पाय घट्ट रोवून उभी. "सर, मी मालू नाखवा."

नाव ऐकताच प्रभाकरने सुमेधा बाईंकडे पाहिलं.

"सर, आमच्या खाडीचं पानी कधी लाल येतं, कधी जांभळं. मासा मरून वर येतो. माजा बापूस जाली घेऊन जातो नि रिकामा येतो. त्याची पन बातमी होते काय? का फक्त तिकडच्या वितळनाऱ्या बर्फाचीच होते?"

पुढच्या रांगेतले मास्तर एकमेकांकडे बघू लागले. प्रभाकरने 'बस खाली' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "होते. का नाही होणार? तिकडे बर्फ वितळतोय तो इकडच्या धुराड्यांमुळे, आणि इकडची खाडी मरतेय तीही त्यांच्यामुळेच. दोन्ही एकाच घरातले रोगी आहेत. तू जे बघितलंस ते लिहून दे. मी छापीन."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. अगदी कडकडाट. बातमीतला तेवढा एकच तपशील त्या दिवशी आपणहून खरा ठरला.

तेवढ्यात 'खाडीकाठ'ची गाडी शाळेच्या फाटकात येऊन उभी राहिली. एरवी अंक डोंबिवलीत दिवेलागणीला पोचायचा. पण शेठजींना खूश करायला अण्णांनी गरम गरम अंकांचे गठ्ठे मुद्दाम गाडीने पाठवले होते. ड्रायव्हरने सांगितल्याबरहुकूम ते सभागृहात आणून मुलांना फुकट वाटायला सुरुवात केली. "पहिल्या पानावर तुमचीच बातमी हाय रे!" असंही वर सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. प्रभाकर मंचावरून "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत शंभरेक अंक उघडले गेले होते.

मागच्या बाकावरच्या एका दांडगट पोराने उभं राहून मोठ्याने वाचलं, "भर पावसात विद्यार्थ्यांनी सभागृह तुडुंब भरले!" सगळ्या माना एकदम खिडक्यांकडे वळल्या. बाहेर मैदानावर ऊन रखरखत होतं. मग जे हसू फुटलं ते आवरेना. मास्तर ओरडले, छड्या आपटल्या, पण काही उपयोग नाही, कारण मास्तरही हसत होते.

"सर, तुम्ही खिडकीतून डोकावला व्हतात काय?" कुणी तरी विचारलं.

मालू हसत नव्हती. ती बोटाने ओळी वाचत होती. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "सर, यात माजं नाव हाय. मी तर आत्ता बोलले. यात आधीच छापलंय. आनि उलटंच छापलंय."

प्रभाकरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सुमेधा बाईंनी त्याला ओढतच कार्यालयात नेलं. त्याला वाटलं, आता या शिव्या घालणार. पण बाईंना चिंता वेगळीच होती.

"यात पन्नास रोपं लावल्याचं लिहिलंय हो! आमच्याकडे एक तुळस आहे. उद्या शिक्षण खात्याकडून कुणी बघायला आलं तर मी काय दाखवू?"

प्रभाकरने अण्णांना फोन लावला आणि उद्याच्या अंकात खुलासा छापू या, असं सुचवलं.

"खुलासा?" अण्णा कडाडले. "'खाडीकाठ'ने आजवर खुलासा छापलेला नाही, कर्णिक. छापलेली बातमी बदलता येत नसते. कार्यक्रम बदला. अजून संपलेला नाही ना तो?"

झालं. कार्यक्रम बातमीसारखा करायला सगळे भिडले. रोपं नव्हती, म्हणून शिपायाने शाळेभोवतीचं मेंदीचं कुंपण तोडलं आणि त्याच्या फांद्या मुलांनी मैदानात ओळीने खोचल्या. वृक्षारोपणासाठी वृक्षतोड झाली. प्रभाकर स्वतः फांद्या मोजत होता. पन्नास भरल्या तेव्हा कुंपण संपलं होतं.

साडेचारला परशुरामशेठ आले. पांढराशुभ्र सफारी, मागे त्यांचा फोटोग्राफर. त्यांनी गाडीतच अंक वाचला होता, म्हणजे स्वतःचं नाव असलेल्या ओळी वाचल्या होत्या, आणि स्वारी खुशीत होती. फक्त एकच गोष्ट त्यांना खटकली.

"यात पाऊस पडलाय ना? मग उद्या माझा फोटो कोरडा कसा चालंल? लोक म्हनतील पेपर खोटा. आनि माझी जाहिरात हाय त्यात!"

"शेठ, आता पाऊस आणायचा कुठून?" प्रभाकर रडकुंडीला आला.

"आनायचा म्हंजे? आपल्या कारखान्याचा टँकर हाय की!"

गेले चार दिवस डोंबिवलीत नळाला पाणी नव्हतं. शाळेच्या भिंतीपलीकडे बायका हंडे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या देखत टँकर मैदानात शिरला. ड्रायव्हर टपावर चढला, त्याने पाइप आभाळाकडे रोखला. शेठजी हातात मेंदीची फांदी धरून वाकले, मुलं भोवती उभी केली गेली, आणि "सोड!" म्हणताच पाऊस सुरू झाला.

पहिली सर गढूळ होती. दुसरी जांभळी. टँकर कशासाठी वापरतात ते ड्रायव्हरला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय सांगण्यात त्याचा काय फायदा होता? बघता बघता मुलांचे पांढरे सदरे, बाईंची साडी, शेठजींचा सफारी, सगळं जांभळं झालं. पोरं किंचाळत सैरावैरा पळाली. शेठजी शिव्या देत सरळ व्हायला गेले, तोच फोटोग्राफर ओरडला, "शेठ, हलू नका! झकास आलाय! आपला रोल ब्लॅक अँड व्हाइट आहे!"

शेठजी पुन्हा वाकले आणि हसले.

डोळे पुसत प्रभाकर एका कडेला उभा होता. मालू त्याच्यासमोर आली. तिच्या दोन्ही वेण्यांतून जांभळं पाणी गळत होतं. "सर, आता बघितलं. आता लिहू?"

"लिही," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तिने तिथंच पायरीवर बसून लिहिलं. पाच-सहा ओळीच होत्या. 'आज आमच्या शाळेत पाऊस पडला. तो टँकरमधून पडला. त्याचा रंग जांभळा होता. आमच्या खाडीत येतो तो हाच रंग. मी लहान होते तेव्हा खाडीत मासा होता. आता नाही. पेपरात छापलं तसं मी बोलले नव्हते. - मालू भगवान नाखवा, इयत्ता नववी.'

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमाने डबा हातात देताना त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आदल्या दिवशीच्या जांभळ्या शर्टाबद्दल तिने काही विचारलं नव्हतं. "हे बघा, एक तारीख तोंडावर आलीये," ती म्हणाली. "आज काही वेडेपणा करू नका." प्रभाकर बरं म्हणाला आणि घरातून निघाला. त्याच्या खिशात मालूचा कागद होता.

तिसरं पान लावायचं काम त्याच्याकडेच असे. वर शेठजींचा भर पावसातला फोटो चिकटवून झाला. फोटो खरंच झकास आला होता. जांभळं काहीच दिसत नव्हतं, नुसता मुसळधार पाऊस. फोटोखाली रोजचं राशिभविष्य. प्रभाकर बराच वेळ त्या पानाकडे बघत बसला. त्याला सासरे आठवले, हेमा आठवली, आणि मग स्वतःचीच अशी शिसारी आली, की त्याने बाराच्या बारा राशी उचलून कचऱ्यात टाकल्या आणि त्या जागी मालूची बातमी लावली, एका अक्षराचाही फरक न करता, तिच्या नावासकट. अण्णा जाहिरातींचं प्रूफ तीनदा वाचत आणि बातम्यांचं एकदाही वाचत नसत. पान छपाईला गेलं.

मग प्रभाकरची पाचावर धारण बसली. त्याने आपला खण रिकामा केला, पेन, पंचांग आणि डबा पिशवीत भरला आणि हाकलून देण्याची वाट बघत बसला. अंक बाजारात गेला आणि फोन खणखणायला लागला. थांबेचना. अण्णांचा चेहरा काळवंडत चालला. अखेर त्यांनी हाक मारली, "कर्णिक, इकडे या!"

प्रभाकर पिशवी घेऊनच आत गेला.

"तुम्हाला काही जबाबदारी आहे की नाही? अंक निघाल्यापासून चाळीस फोन आलेत! राशिभविष्य का काढलंत?"

"अण्णा, त्या जागी..."

"त्या जागी काय वाटेल ते घाला, पण राशिभविष्याला हात लावायचा नाही! माजिवड्याहून एका बाईंचा फोन होता. आज मुलाला बघायला मंडळी येणार आहेत आणि वृश्चिकेला दिवस कसा आहे ते कळायला मार्ग नाही, म्हणून रडत होत्या." अण्णांनी श्वास घेतला. "बाकी पान उत्तम. शेठजी तर फोटोवर इतके खूश आहेत की पानच फ्रेम करून लावतायत म्हणे."

"बाकी... कुणी काही बोललं नाही?"

"कशाबद्दल?" अण्णांनी विचारलं.

एक तारखेला प्रभाकर कर्णिक कायम झाला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ती छापून आली त्या दिवशी जेवढे अंक खपले तेवढ्या घरांत मालूची बातमी गेली, आणि एकाही घरातून हूं की चूं झालं नाही. हेमाने देवापुढे साखर ठेवली, सासऱ्यांनी फोनवर "शाब्बास!" म्हटलं, आणि अण्णांनी त्याला पेढे घेऊन परशुरामशेठच्या कारखान्यावर पिटाळलं.

शेठजींच्या केबिनमध्ये टेबलामागेच ते पान होतं, सोनेरी चौकटीत, काचेखाली. वर भर पावसात वाकलेले शेठजी, आणि खाली, त्यांच्या बुटांच्या बरोबर खाली, 'त्याचा रंग जांभळा होता.' खाकी गणवेशातला एक वाळलेला माणूस फडक्याने काच पुसत होता.

"कायम झालात? वा, वा! द्या पेढा," शेठजी म्हणाले. "फोटो बघितलात ना? येनारा जानारा विचारतो, शेठ, कुठल्या पावसातला हाय? आनि हा बघा भगवान. खाडीवरचा. तुमीच छापलंत ना, कारखान्यांमुळं वस्तीला काम मिळालं म्हनून? मग मी म्हटलं, देऊन टाकू एकाला! वॉचमन केला." आणि बाहेर कुणी तरी हाक मारली म्हणून ते पेढा खात खात उठून गेले.

केबिनमध्ये दोघंच उरले. प्रभाकरला राहवेना. तो हळूच म्हणाला, "भगवान, यात तुमच्या मुलीची बातमी आहे. माहीत आहे का तुम्हाला?"

भगवानने दाराकडे नजर टाकली. फडकं चालूच ठेवलं.

"म्हाईत हाय, साहेब. तिनंच वाचून दाखवलंन. शेटनी अजून वाचलं नाय. वाचलं त ही चौकट जाईल, माजी नोकरी जाईल, नि तुमची बी जाईल. तुमी आजच कायम झालाव ना?" काचेच्या खालच्या कोपऱ्यावर तोंडाने 'हा' करून त्याने ती पुन्हा पुसली. "मंग बोलू नका कुनाला."

प्रभाकरने पेढ्यांचा पुडा भगवानपुढे धरला. भगवानने एक पेढा उचलला, एक त्याने स्वतः घेतला, आणि शेठजी परत येईपर्यंत दोघंही तोंड भरून उभे राहिले.